थोरलीचं ताट

९ नोव्हेंबर

स्लावीकाताई,

आई गेली. गुरुवारी सकाळी नऊच्या सुमारास, शहरातल्या इस्पितळात. त्याआधी तीन दिवस, कोंबड्यांना दाणे टाकता टाकता ती अंगणात खाली बसली. पडली नाही, बसली. आणि मग तिला उठता आलं नाही. मी पोस्टात होते. पौनामावशीने कुंपणावरून पाहिलं.

तुझा फोन माझ्या नंबरावरून लागत नाही. सहा वर्षांत मी तो किती वेळा लावून पाहिला ते सांगत नाही. पौनामावशीच्या फोनवरून लावता आला असता. नाही लावला. गावाची पोस्टमास्तरीण आहे, पत्र पाठवणं तेवढं मला येतं, असं समज.

सगळं रीतीप्रमाणे झालं. शनिवारी बाबांच्या शेजारी पुरलं. दगडावर तिचं नाव, फोटो आणि जन्मसाल बाबा गेले तेव्हाच कोरून ठेवलेलं आहे. शेवटचं साल तेवढं राहिलंय. पेटी बंद होती. काहीतरी संसर्ग होता म्हणे, म्हणून इस्पितळातूनच खिळे ठोकून दिली. पौनामावशीने केस मोकळे सोडले आणि पेटीवर डोकं टेकून असा हंबरडा फोडला की पलीकडच्या आळीतली कुत्री गप्प झाली. "अगं फ्लोरीका, अख्ख्या गावाच्या बायकांना शेवटची आंघोळ तू घातलीस, आणि तुला घालायची माझी पाळी आली तर तू दारच लावून घेतलंस!"

घाई करून येऊ नकोस. व्हिएन्नाहून इथवर रस्ते निसरडे आहेत. चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाचं मी बघते.

मला अजून काही उमगत नाहीये. हात धुते, पुसते, आणि परत धुवायला जाते.

यागोदा


२४ नोव्हेंबर

ताई,

तुझं पत्र आलं. टपालाच्या गठ्ठ्यातून तुझं अक्षर वर आलं तेव्हा शिक्का माझ्या हातात तसाच राहिला. समोर त्रायलोकाका वीजबिल भरायला उभे होते. म्हणाले, "काय गं, साप निघाला का पाकिटातून?"

तू विचारलंस त्याची उत्तरं देते.

अंगावर कोणते कपडे होते? निळे, लाल काठाचे. तिने ट्रंकेत वेगळे काढून ठेवलेले.

हातात नाणं आणि उशाशी कंगवा ठेवला का? ठेवला.

चेहरा शांत होता का? होता. हे खरं आहे. बुधवारी मी तिच्यापाशी बसले होते. एक डोळा मिटत नव्हता, पण शांत होती. मला म्हणाली, "कोंबड्या आत घेतल्यास का?" हे तिचं शेवटचं बोलणं. मी काही तरी मोठं ऐकायला मिळेल म्हणून खुर्ची पुढे ओढली होती.

तिला न्हाऊ कुणी घातलं?

या प्रश्नापाशी मी किती वेळ बसले आहे. बाहेर दोघेजण येऊन परत गेले.

तू लिहितेस, चाळिसाव्याला येतेय. दगडवाल्या द्रागीला फोन केलाय, साल त्याच दिवशी कोरून दे म्हणून. साठ माणसांचं जेवण तुझ्याकडून. "तीच म्हणाली होती ना, मी तिच्यामागे एक मेणबत्तीसुद्धा लावणार नाही म्हणून? आता गावाला बघू दे." ते वाक्य मी वाचलं. परत वाचलं. मग पत्र घडी करून एप्रनच्या खिशात ठेवलं, आणि दिवसभर ते मांडीला टोचत राहिलं.

टपालगाडी यायची वेळ झाली. उद्या नीट लिहिते.

कपडे ट्रंकेतच आहेत, ताई. नाणंही. कंगवाही.

यागोदा


२५ नोव्हेंबर

ताई,

आईला पुरलेलं नाही. कबरीत मका आहे.

हे वाक्य लिहून मी उठले, चुलीत लाकूड घातलं, परत येऊन वाचलं. तसंच आहे.

आता क्रमाने सांगते. तिची मरणाची पेटी माळ्यावर होती, तुला आठवत असेल. इथल्या प्रत्येक म्हातारीची असते. आणि प्रत्येक म्हातारीसारखी आईही त्यात मका साठवायची. उंदीर लागत नाहीत म्हणायची. गुरुवारी इस्पितळातून फोन आला तेव्हा त्रायलोकाकांनी आणि मी ती पेटी खाली उतरवली. त्यातला मका त्यांनी दोन गोण्यांत भरला. पेटी पोस्टाच्या पिवळ्या गाडीत चढवली आणि गोण्याही घाईत तिथेच राहिल्या. मी आईला आणायला निघाले.

तिथे पोचले तर पलंग रिकामा. गादीसुद्धा उचललेली. नर्स म्हणाली, "त्यांना कॉलेजवाले घेऊन गेले की."

"कुठलं कॉलेज?"

"मेडिकल. त्यांनी देह दिलाय ना! डोक्याच्या रुमालाला आतून पिनने कार्ड लावलेलं होतं. तुम्हाला माहीत नव्हतं?" आणि मग माझ्याकडे बघून, "बसा बाई, बसा. पाणी आणते."

मी बसले नाही. म्हटलं, गाडीत पेटी आहे. असं दोनदा म्हटलं म्हणे. ती बिचारी खिडकीतून बघायला गेली, खरंच आहे का ते.

परतीच्या वाटेवर, पुलाच्या अलीकडे, मी गाडी थांबवली. घरी अंगणात बाकं मांडलेली, चूल पेटलेली, पौनामावशी पाणी तापवून वाट बघत असलेली. आणि मी रिकामी पेटी घेऊन चाललेली. काय सांगू मी त्यांना? जिने चाळीस वर्षं गावातल्या मेलेल्या बायकांना न्हाऊ घातलं, तिलाच कापायला नेलं म्हणून सांगू? मी कधी ठरवलं ते मला आठवत नाही. आधी खिळे विकत घेतले असणार, कारण खिळे होते. गोण्या मोकळ्या करताना मक्याचा आवाज झाला तो आठवतो. पत्र्यावर गारा पडाव्यात तसा. थोडे दाणे रस्त्यावर सांडले, ते मी एकेक करून वेचले. दाणे का वेचत होते, ताई?

पेटी खांद्यावर घेताना त्रायलोकाका म्हणाले, "म्हातारी दिसायला चिमणी होती, पण जड होती गं." आणि चौघेही खांदेकरी जोर लावून पुढे निघाले.

त्या दिवसापासून मक्याची लापशी माझ्या घशाखाली उतरत नाही. घरोघरी तीच शिजते. वास आला की मी दार लावून घेते.

आता त्याहून वाईट सांगते. अकरा तारखेला कॉलेजची दोन रजिस्टर पाकिटं आली. एक माझ्या नावाचं, एक तुझ्या. आईने तुझाही पत्ता इथलाच दिला होता. तिच्या लेखी तू अजून इथेच राहतेस. तुझं पाकीट मी पुढे पाठवलं नाही. तेवीस वर्षं टपाल खात्यात आहे. दुसऱ्याचं पत्र एक दिवस कधी अडवून ठेवलं नाही, आणि हे दोन आठवडे पिठाच्या डब्यामागे होतं. आत्ता याच्यासोबत जोडलंय. फोडलेलं नाही, पण माझ्यासारखंच आहे म्हणून आत काय आहे ते मला ठाऊक आहे.

आत एक फॉर्म आहे. दोघींपैकी कुणा एकीचा आक्षेप असेल तर मृत्यूपासून चाळिसाव्या दिवसापर्यंत कळवायचा. तोवर ते तिला हात लावणार नाहीत. आक्षेप गेला की ती परत मिळते. म्हणजे पंधरा डिसेंबर. तुझ्या एका सहीने आई परत येईल. मग तिला निळे कपडे घालता येतील, न्हाऊ घालता येईल, बाबांच्या शेजारी ठेवता येईल. मका काढावा लागेल, तेवढंच.

मी माझा फॉर्म भरलेला नाही. फाडलेलाही नाही.

दुसरा कागद आईच्या अर्जाची प्रत आहे. कारण लिहायला दोन ओळी होत्या. तिसरी पास बाईने त्यात काय लिहिलंय ते वाच: "मी सगळ्यांना बाहेरून धुतलं. आत काय झालं होतं ते कधी कळलं नाही. तुम्ही आतून बघा."

बाबा एकावन्नचे होते, ताई. वावरात गेले. डॉक्टरने 'हृदय' लिहिलं आणि सायकलवर बसून निघून गेला. ती त्यांना धूत होती तेव्हा मी दाराआड होते. त्यांच्या पोटावरून हात फिरवत ती विचारत होती, "कुठे दुखत होतं रे योन? कुठे दुखत होतं?"

हे डोक्यात कुणी घातलं असेल असं तुला वाटणार. सांगून टाकते, पोरीवर ओरडू नकोस. तुझी सुझाना मेडिकलच्या पहिल्या वर्षाला होती ना, त्या उन्हाळ्यात इथे आली होती. आजी-नात अंगणात घेवडा सोलत बसल्या होत्या. सुझाना सांगत होती की देहाच्या टेबलापाशी पहिल्या दिवशी ती चक्कर येऊन पडली. आई प्रश्नावर प्रश्न. त्यांना धुतं कोण? पांघरूण घालता का? मग सुझाना म्हणाली, "आजी, मला एकाच गोष्टीचं वाईट वाटतं. त्यांची नावं आम्हाला सांगत नाहीत. कुणी त्यांना नावाने हाक मारत नाही."

आई म्हणाली, "बरंय की. मेल्यावर हाक मारून काय करणार, दूध आणायला पाठवणार?"

मीही हसले होते.

अर्जावरची तारीख बघ. सहा वर्षांपूर्वीची, तीन सप्टेंबर. आणि पोस्टाचा शिक्का बघ. तो माझा आहे. ते पाकीट तिने माझ्याच खिडकीतून रजिस्टर केलं. मी विचारलं, "आई, हे काय?" म्हणाली, "पेन्शनीचं आहे, तू शिक्का मार."

यागोदा


२९ नोव्हेंबर

ताई,

पार्सल पाठवतेय. फोडायच्या आधी हे वाच.

तीन सप्टेंबरचा अर्ज, आणि पंधरा सप्टेंबरला आईने आपल्या मरणाचं जेवण जिवंतपणीच घातलं. म्हणजे बाराच दिवसांनी. हे मी आत्ता बोटांवर मोजलं. ज्यांच्यामागे करणारं कुणी नसतं ती माणसं स्वतःचं जेवण जिवंतपणी घालतात, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तिला तर दोन मुली. तू व्हिएन्नाहून नवी गाडी घेऊन आलीस, आणि दारात बघतेस तर आई आपल्याच मरणाच्या टेबलाशी, मानाच्या जागी, नवा रुमाल बांधून बसलेली. गाव तुझ्याकडे बघतंय.

तू मला स्वयंपाकघरात ओढलंस. विचारलंस, "हे काय नाटक आहे? आपण दोघी मेलो का?"

आणि मी म्हटलं, "आई म्हणते, तिच्यामागे तू एक मेणबत्तीसुद्धा लावणार नाहीस. म्हणून आत्ताच उरकून घेतेय."

ताई, आई असं म्हणाली नव्हती. कधीच नाही. ते वाक्य माझं होतं.

का म्हटलं ते मी सहा वर्षं स्वतःला वेगवेगळं सांगत आलेय. कधी म्हणते, मला खरंच तसं वाटलं. खरं असं आहे की मी सकाळपासून साठ माणसांचं रांधत होते, माझ्या हाताला कांद्याचा वास होता, आणि तू आत आलीस तेव्हा तुझ्या कोटाला फार छान वास येत होता. आणि आई तुलाच पाहून उठली होती. एवढंच. एवढ्याशासाठी मी तुला आईपासून तोडलं.

तू बाहेर गेलीस. आईने तुझं ताट पुढे केलं: मातीचं ताट, त्यात वेणीसारखा गुंफलेला पाव, मेणबत्ती, विणलेला टॉवेल. तिने रीतीप्रमाणे तुझं नाव घेतलं. ताट हातात घेऊन 'देव पोचवो' म्हणायचं असतं, तू हात पुढे केला नाहीस. ताट बाकावर राहिलं आणि तुझी गाडी फाटकातून गेली.

तिने तुला मागे बोलावलं नाही. मला म्हणाली, "काय झालं गं तिला?"

मी म्हटलं, "दमली असेल प्रवासाने."

सहा वर्षं, ताई. एका घरात, एका टेबलावर.

अर्जाच्या खाली 'कुटुंबीयांसाठी सूचना' असा एक रकाना आहे. त्यात तिने लिहिलंय: "रीत मी जिवंतपणी करणार आहे. मुलींवर काही ठेवणार नाही." तुला टोमणा नव्हता तो. कबर नसणार, चाळिसावा कुठे करायचा असा प्रश्न आपल्याला पडेल, म्हणून तिने आधीच सगळं आटपलं. आपल्याला मोकळं करत होती. तिला ते तोंडाने सांगता आलं नाही, आणि माझ्या तोंडातून भलतंच आलं.

घरातल्या तिच्या प्रतीच्या मागे नंतर कधीतरी पेन्सिलीने लिहिलेलं सापडलं: "थोरलीचं ताट वरच्या फळीवर." होतं तिथे. टॉवेलात गुंडाळलेलं. दर वर्षी धुऊन इस्त्री केलेला दिसतो, घड्या ताज्या आहेत. पाव अर्थातच नाही.

जे घेतलं गेलं नाही ते तिकडे तिला मिळत नाही, असं आपल्यातल्या बायका मानतात. मी काय मानते ते मला या महिन्यात माहीत नाही. पण तिने सहा वर्षं ते ताट जपलं. म्हणून ते पाठवतेय, आणि त्याच्याच खाली एक कोरा आक्षेपाचा फॉर्म, आधीचा तू रागाने फाडला असशील तर. दोन्ही तुझ्या हातात. तू सही केलीस तर मी पेटी घेऊन कॉलेजच्या दारात उभी राहीन. यावेळी रिकामी.

यागोदा


१६ डिसेंबर

ताई,

काल चाळिसावा झाला. तू आली नाहीस. पार्सल पोचल्याची तुझ्या सहीची पावती दहा तारखेला आली होती, आणि त्यानंतर काही नाही. पाच दिवस मी खिडकीत बसून प्रत्येक गठ्ठ्यात तुझं पत्र शोधत होते.

सकाळी कबरीपाशी सगळे जमले. द्रागी छिन्नी घेऊन आला, तुझ्या फोनप्रमाणे साल कोरायला. त्याने दगडावर खडूने आकडे आखले. पहिला घाव घालणार, तेवढ्यात मी त्याचं मनगट धरलं. म्हटलं, "थांब. इथे आई नाहीये."

आणि सगळं सांगितलं. कॉलेज, अर्ज, पूल, गोण्या.

पाद्रीबाबांनी छातीवर क्रूसाची खूण केली आणि हात तिथेच राहिला. आधी आवाज फुटला तो पौनामावशीला.

"म्हणजे मी रडले कशावर?"

"मक्यावर, मावशी."

"मक्यावर! बाई बाई! मी मक्यासाठी केस सोडले? माझ्या सख्ख्या नवऱ्यासाठी मी एवढी रडले नव्हते!"

त्रायलोकाका म्हणाले, "तरीच जड होती." मग टोपी काढून, "चांगला मका होता गं तो. बियाण्याचा."

पाद्रीबाबा म्हणाले की याचं प्रायश्चित्त सोपं नाही, आणि ते बरोबर आहे. ते जेवायला थांबले नाहीत. चारपाच घरं त्यांच्यामागे गेली. पौनामावशी मात्र थांबली. तिने कबरीवरची मेणबत्ती काढली, पुसली, आणि म्हणाली, "मग ही कुठे लावू? तिकडे बाई, त्या पोरांना नीट धुता येतं का? कानांच्या मागे कुणी बघतं का?" आणि तेव्हा ती रडली, अगदी हळू, केस बांधलेलेच.

मी पोस्ट उघडायला गेले. दुपारी फोन वाजला. कॉलेजमधली बाई. म्हणाली, "व्हिएन्नाहून फॉर्म आलाय."

मी स्टुलावर बसले. म्हणजे तू सही केलीस. मनात मी फावडं शोधायला लागले होते. पेटी वर काढायला चार माणसं लागतील, आज सकाळनंतर चार कोण येणार, असं सगळं एका श्वासात.

ती म्हणाली, "पण आम्हाला काही कळत नाहीये. फॉर्म कोरा आहे, सही नाही. मागच्या बाजूला हाताने लिहिलंय. वाचून दाखवू?"

"वाचा."

ती शाळेतल्या मुलीसारखं वाचायला लागली. "ताट घेतलं. देव पोचवो. थोरली." मग म्हणाली, "एवढंच. बाई, आज शेवटची तारीख आहे, मला खाली कळवायचंय. याचा अर्थ आक्षेप आहे की नाही?"

मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"नाही," म्हटलं. "आक्षेप नाही. आमच्या दोघींचाही नाही."

"बरं. नोंद करते."

"आणि खाली सांगा, तिचं नाव फ्लोरीका आहे."

"नावं आम्ही मुलांना सांगत नाही हो."

"मग राहू द्या," मी म्हटलं. "हाक मारून तरी काय, दूध आणायला थोडंच पाठवायचंय."

त्या बाईला वाटलं असेल मला वेड लागलं, कारण मी हसत होते, आणि खिडकीत पौनामावशी पेन्शनीसाठी उभी होती, आणि मला काही केल्या थांबता येत नव्हतं.

यागोदा